पहिल्या डिकॉक्शनची थंड कॉफी

आमच्या घरात कॉफी दोन होत्या. पहिली आणि दुसरी. पितळेचा फिल्टर होता. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं, त्यात पावडर दाबून भरायची, उकळतं पाणी ओतायचं, झाकण घालायचं आणि गप्प बसायचं. खालच्या भांड्यात टपटप करत जे उतरे ते पहिलं डिकॉक्शन. काळंभोर, दाट, साडीवर सांडलं तर साडी गेलीच म्हणून समजा. ते अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या पाहुण्यांचं. ते काढून घेतलं की त्याच पावडरीवर पुन्हा पाणी ओतायचं. मग उतरे ते दुसरं. रंगाने विटकरी, आणि चवीला म्हणाल तर कॉफी या रस्त्याने गेली होती एवढंच कळायचं. ते घरातल्या बायकांचं. आईचं, अक्काचं आणि माझं. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. पण अण्णा तिला अक्का म्हणत म्हणून आम्हीही म्हणायचो आणि चामराजपेटेतली आमची सबंध गल्लीही म्हणायची. मी एकदा तिला विचारलं होतं, आम्हाला पहिलं का नाही? तर म्हणाली, "पहिलं कडक असतं गं, बायकांना पित्त होतं." मी म्हटलं, "शेजारच्या शांतम्मा आल्या की त्यांना पहिलं देतेस, त्यांना नाही होत पित्त?" त्यावर, "त्या पाहुण्या. जा, कढीपत्ता तोडून आण." हे असं. अक्काशी वाद घालायला गेलं की माणूस कढीपत्ता तोडायलाच जायचा.

आम्ही बंगळूरचे जुने मराठी. कुठल्याशा फौजेबरोबर कुणी पूर्वज इकडे आला आणि परत जायचं विसरला, एवढीच आमची हकीकत. घरात मराठी, दारात कन्नड. आम्ही पेल्याला लोटा म्हणतो. आता कामाधंद्याला पुण्याहून इथे आलेल्या मुली माझ्याकडे येतात, त्यांना मी "लोटाभर कॉफी घ्या" म्हटलं की एकमेकींकडे बघून हसतात. हसा बापडे. चार पिढ्या त्या लोट्यातून कॉफी प्यायलो आणि काही वाईट झालं नाही आमचं.

अण्णा पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर होते. लेथच्या यंत्राचे भाग बनायचे तिथे. पहाटे उठून आंघोळ, देवाला फूल, पहिल्या डिकॉक्शनची कॉफी, आणि मग जेवणाचा डबा घेऊन बस. बोलणं कमी. अण्णा वाईट माणूस मुळीच नव्हते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी त्यांच्या नावाने बोटं मोडायचं. त्यांना घरातलं काही दिसायचं नाही, एवढाच त्यांचा दोष. यंत्रातला केसाएवढा फरक त्यांना दिसे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआतलं काही दिसत नसे. अक्का मुलींच्या शाळेत शिवण शिकवून घरी बसलेली. लग्न केलं नव्हतं, आणि का ते विचारायची कुणाची बिशाद नव्हती. किल्ल्या तिच्या कमरेला. आणि आई, आई या दोघांच्या मधे. सकाळपासून रात्रीपर्यंत तिचा आवाज घरात खेळत असायचा. भाजीवाल्याशी कन्नडात हुज्जत, शांतम्माशी भिंतीवरून गप्पा, माझ्यावर ओरडणं, देवापुढे आरती. ओरडली तरी गोड ओरडायची.

त्या वर्षी आईच्या घशात गाठ झाली. ऑपरेशन करून काढली, साधी निघाली, आम्ही देवापुढे साखर ठेवली. पण आई घरी आली ती जणू निम्मीच आली. गळ्याभोवती पट्टी, आवाज गेलेला, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, गरम नाही, तिखट नाही, आंबट नाही. आवाज हळूहळू येईल म्हणाले होते, पण येण्यासाठी आधी घशाने काम करायला हवं ना! ही गिळायलाच तयार नाही. थंड पेज दिली की दोन चमचे घेऊन भांडं बाजूला. ताक आंबट म्हणून बंद. दूध दिलं तर मान वळवायची. तिला तोंडाला चव नव्हती, सगळं लोखंडासारखं लागतं असं ती हाताने खुणा करून सांगायची. आणि कॉफी नाही! ज्या बाईचा दिवस कॉफीने उजाडायचा आणि कॉफीनेच कलायचा, तिला कॉफी नाही. अक्काचं घरात फिल्टर लावणं चालूच होतं. तो वास खोलीत गेला की आई भिंतीकडे तोंड करून झोपायची. ते मला बघवत नसे. पुढच्या तपासणीला डॉक्टर अण्णांना म्हणाले, यांच्या पोटात तोंडाने काही जात नाही, वजन असंच उतरत राहिलं तर पुढच्या खेपेला दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. अण्णा हे आम्हाला सांगताना आईच्या देखत सांगून बसले. आईने ऐकलं, आणि डोळे मिटून घेतले. रडली नाही, काही नाही. ते डोळे मिटणं बघून मी ठरवलं, नळी घालू द्यायची नाही. ही पिणार. कशी ते मला ठाऊक नव्हतं, पण पिणार.

माझी कॉलेजची परीक्षा संपून सुट्टी लागली होती, म्हणजे मला दुसरा उद्योगही नव्हता. मी हट्टाला पेटले की घरचे मला घाबरायचे. अजूनही घाबरतात. त्या दिवसांत आई फक्त एकच गोष्ट आपणहून तोंडात घालायची, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या. मी तिच्या उशाशी बसून एकदा विचारलं, "याची चव लागते?" तिने मान हलवली. लागते. मग मी विचारलं, "आणि कॉफी पाहिजे?" तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. झालं. मला आणखी काही विचारायचं नव्हतं. पुदिना आणि कॉफी. गरम नको तर थंड. मी डॉक्टरांना गाठून विचारून आले, थंड कॉफी चालेल का, पुदिना चालेल का. ते हसले आणि म्हणाले, "पोटात गेलं तर काहीही चालेल, गरम आणि आंबट सोडून."

आजकाल माझ्या मावसबहिणीची मुलगी बाहेरून झाकणाचा मोठा पेला घेऊन येते. डिसेंबर आला की कॉफीच्या दुकानांत सणाची खास म्हणून पुदिन्याची बर्फाळ कॉफी मिळते म्हणे. वर साय, त्यावर लाल-पांढऱ्या गोळीचा चुरा. "मावशी, टेस्ट कर, एकदम नवीन आहे." मी चाखते आणि म्हणते, छान आहे, साखर जास्त झाली. नवीन म्हणे!

आता बाजारातून पुदिना आणणं यात काय कठीण? मी ताजी जुडी आणली, निवडली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आणि आईला बघायला आत गेले. परत येते तो काय, अक्का रुब्बुगुंडापुढे, म्हणजे आमच्या दगडी रगड्यापुढे बसलेली, आणि पुदिना खोबरं-मिरची-चिंचेसकट वाटला गेलेला. मी किंचाळलेच. "अक्का! तो चटणीचा नव्हता!" अक्का शांतपणे म्हणाली, "मग पुदिना कशाचा असतो?" आमच्या घरात तोवर पुदिना म्हणजे चटणी. दुसरा अर्थच नव्हता. अण्णांनी त्या रात्री चटणी दोनदा मागून घेतली, त्याने माझं पित्त आणखी खवळलं.

दुसरी जुडी मी माझ्या कपाटात कपड्यांमधे लपवली. पानं पाण्यात घालून खळखळ उकळली, तर पाणी काळपट आणि कडू. तो वास डोक्यात बसला, कपड्यांतून पुढे किती दिवस गेला नाही. तिसऱ्या वेळी माझी मीच शहाणी झाले. पानं साखरेबरोबर हाताने चुरगाळली, नुसती चुरगाळली, वाटली नाहीत. वर कोमट पाणी, झाकण, आणि फिल्टरच्या वेळी बसते तशी गप्प बसले. मग पंच्याच्या तुकड्यातून गाळलं. फिकट हिरवा पाक, तोंडात घातला की नाकापर्यंत थंड. रुब्बुगुंडाला मात्र मी शिवलेसुद्धा नाही, त्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या मिरच्या मुरलेल्या होत्या.

तो पाक, थंड दूध आणि घरात होतं ते डिकॉक्शन एकत्र करून, बर्फ घालून मी लोटा आईपुढे धरला. तिने वास घेतला. आशेने माझ्याकडे पाहिलं. एक घोट. दुसरा घोट. आणि लोटा माझ्या हातात परत दिला. मी चाखून बघितलं तर नुसतं हिरवं गोड पाणी. कॉफी कुठे होती त्यात? आमच्या वाटणीचं दुसरं डिकॉक्शन, मुळात विटकरी, त्यात दूध, त्यात बर्फ वितळलेला. मी तिथेच आईच्या पलंगाच्या कडेला बसले. बर्फाला, दुधाला, साखरेला सगळ्यांना पुरून उरेल असं डिकॉक्शन हवं होतं. म्हणजे पहिलं. आणि पाण्याचा बर्फ घालून चालणार नव्हतं. डिकॉक्शनचाच बर्फ करायला हवा होता, म्हणजे वितळला तरी कॉफीच वितळेल. एवढं पहिलं डिकॉक्शन अक्काच्या राज्यात मिळणार कुठून?

चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. आई दरवर्षी करायची. पाळण्यात गौर बसायची, दारात चैत्रांगण, ओले हरभरे, कोसंबरी म्हणजे कैरी घातलेली डाळ, पानक म्हणजे गुळाचं सरबत, आणि गल्लीतल्या मराठी, कन्नड, तेलुगू सगळ्या बायका. त्या वर्षी अक्का म्हणाली, करायला नको, ती पडून आहे. मी म्हटलं, करायचं. मी करते. आणि पानकाच्या जागी थंड कॉफी द्यायची, सगळ्या बायकांना, आणि सगळ्यांच्यात बसून आईलाही. एकटीला खोलीत औषधासारखा लोटा धरून नाही, सणाची. अक्का म्हणाली, "तुझं डोकं फिरलंय काय इंदे? गौरीला कॉफी?" मी म्हटलं, "गौरीला पानकच, थोडं वेगळं करून ठेवू. बायकांना कॉफी. आणि अक्का, मला त्या दिवशीचं पहिलं हवं. सगळं."

अक्काने हातातली सुई थांबवली. "पहिलं अण्णाचं असतं."

"एक दिवस नाही घेतलं तर काय होतं?"

"तो उन्हातान्हात पीण्याला जातो. घरात बसून चकाट्या पिटत नाही."

"आणि आई उन्हातान्हात चुलीपुढे नव्हती एवढी वर्षं?"

"बेडा, इंदे," अक्का म्हणाली. रागावली की ती कन्नडात शिरायची. "बेडा म्हटलं ना. नको म्हणजे नको." आणि सुई पुन्हा चालू. पण कॉफीच्या डब्याचं कपाट तिने हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री कुलूप न लावताच ठेवलं. विसरली की काय, मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी अक्काच्या आधी उठले. फिल्टर दाबून भरला. पहिलं उतरू दिलं, काढून बर्फाच्या साच्यांत ओतलं. पावडर एका पातेल्यात काढून फिल्टर पुन्हा नव्याने भरला. पुन्हा पहिलं. पुन्हा भरला. सगळ्या घरभर असा वास सुटला की शांतम्मा भिंतीवरून डोकावल्या, "काय गं, लग्न आहे की काय घरात?" अक्का उठून आली आणि पातेल्यातला तो पावडरीचा ढीग बघून जागच्या जागी उभीच राहिली. मी तिच्याकडे न बघता पातेल्यातली पावडर थोडी फिल्टरमध्ये टाकली, वर पाणी ओतलं, दुसरं उतरू दिलं, दूध गरम केलं, आणि अण्णांचा लोटा भरून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला.

अण्णा पायमोजे घालत होते. त्यांनी लोटा उचलला, एक घोट घेतला, थांबले, लोट्यात बघितलं. मग मला म्हणाले, "हे काय आहे? फिल्टर विसळलेलं पाणी दिलंस की काय?"

"नाही अण्णा. कॉफीच आहे. आई रोज हीच प्यायची."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला पहिलं, आम्हाला दुसरं. आई, अक्का, मी. हीच."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच कळत नव्हतं. यंत्राच्या माणसाला वाटावं की फिल्टरमधून कॉफी येते आणि सगळे तीच पितात. तेवढ्यात अक्का दारात आली आणि तिचा बांध फुटला. "आपल्या आईने नाही प्यायली दुसरी? मी नाही प्यायले? लहानपणापासून पितेय की! कुणी मेलं नाही त्याने! कमावणाऱ्याला कडक लागते म्हणून काढून ठेवायचं, त्यात एवढं पाप काय झालं?" आवाज तिचा चढला आणि मधेच फाटला. अक्काला रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं जिंकल्यावर आनंद होईल. झाला नाही. राग मात्र होता, आणि तो अक्कावर नव्हता एवढं मला तेव्हाच कळलं.

अण्णांनी तिला विचारलं, "अक्का, तूसुद्धा?" अक्काने पदर तोंडाला लावला. अण्णा पुन्हा खुर्चीत बसले. एक पायमोजा घातलेला, एक हातात. तो लोटा त्यांनी हळूहळू, तळापर्यंत संपवला. कडू औषध घ्यावं तसा नाही, नीट चव घेत. मग रिकामा लोटा स्वतः उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. अण्णांनी लोटा उचलून ठेवल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. बाहेर पडताना ते आईच्या खोलीच्या दारात जरा थांबले, आणि मला म्हणाले, "संध्याकाळी लवकर येतो. सगळं तिलाच दे." त्या दिवशी त्यांची नेहमीची बस चुकली.

मग दिवसभराची माझी धावपळ काय सांगू. दुपारी वीज गेली. त्या काळी आमच्याकडे वीज जायची म्हणजे दोन-दोन तास जायची, आणि साच्यांतलं डिकॉक्शन अजून पुरतं गोठलं नव्हतं. मी फ्रिजवर जुन्या गोधड्या टाकल्या आणि दारापुढे पाट मांडून बसले. कुणी दार उघडायला आलं तर हात तोडीन म्हटलं. अक्का दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली ती हातात ओले हरभरे आणि कैरी घेऊन. माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि कैरी किसायला लागली. आम्ही दोघी फ्रिजपुढे राखण करत बसलो. मधेच ती म्हणाली, "स्वल्प साखर कमी घाल. तुझा हात साखरेला सैल आहे." मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं. एवढंच बोलणं झालं. वीज आली तेव्हा फ्रिज धडधडला आणि अक्का हसली. मीही हसले.

संध्याकाळी दारात रांगोळी, पाळण्यात मोगऱ्याच्या गजऱ्यांनी झाकून गेलेली गौर, आणि बायकांचा हा कलकलाट. मी आईला नऊवारी नाही, पण तिची जांभळी रेशमी साडी नेसवली, गळ्यावरची पट्टी पदराने झाकली आणि हाताला धरून बाहेर आणलं. किती हलकी झाली होती! शांतम्मांनी पुढे होऊन तिला कुंकू लावलं आणि "बनरी, बनरी, कुत्कोळ्ळी", या, बसा, म्हणत गौरीशेजारी बसवलं. आई बसली, पण तिचे डोळे जमिनीकडे. कुणी काही विचारलं की नुसती मान.

मी लोटे भरायला घेतले. तळाला डिकॉक्शनचे काळे खडे, त्यावर पुदिन्याचा हिरवा पाक, वर थंडगार दाट दूध, आणि दुधात खालून चढत जाणारी तपकिरी नागमोडी रेघ. शेवटी पुदिन्याचं एक एक पान. काचेचे पेले जेवढे होते तेवढे वापरले, बाकी स्टीलचे. बायकांनी घोट घेतले आणि "अय्यो, काय गार आहे गं!" "पेपरमिंट घातलंस काय?" "कडक आहे हां!" असा गोंधळ उडाला. मी आईचा लोटा घेऊन तिच्यासमोर गुडघे टेकून बसले. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, कशाला गं आता हे, एवढ्या लोकांत. मी लोटा तिच्या हातात दिला आणि तिच्या हातावर माझा हात ठेवून लोटा वर उचलला. हो, जबरदस्तीच ती. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

तिने घोट घेतला. तोंडात धरला. मला दिसलं की ती गिळत नाहीये. मग गिळलं. भुवया वर गेल्या. दुसरा घोट घेतला, मोठा. तिसरा. लोटा खाली केला, ओठावरची साय पुसली, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा आईचा आवाज ऐकू आला. घोगरा, खरवडल्यासारखा, पण आवाज. तिने विचारलं, "इंदू, कुठल्या दुकानातली पावडर ही?"

उत्तर अक्काने दिलं, माझ्या मागे हरभऱ्याचं ताट घेऊन उभी होती ती. "नेहमीचीच आहे गं. आपल्याच डब्यातली."

"नाही," आई म्हणाली. "आपली अशी लागत नाही."

"आपलीच," अक्का म्हणाली. "पहिली आहे."

आईने अक्काकडे पाहिलं, मग लोट्याकडे पाहिलं. इतकी वर्षं रोज सकाळी स्वतःच्या हाताने ते डिकॉक्शन काढून दुसऱ्यांच्या लोट्यात ओतलेली बाई ती. वास तिचा पाठ, रंग पाठ, दुधात किती घालायचं ते डोळे मिटून पाठ. चव तेवढी ठाऊक नव्हती. लोटा दोन्ही हातांत धरला आणि उरलेली सगळी कॉफी बर्फाचे खडे दातांवर वाजेपर्यंत प्यायली. मग तो माझ्यापुढे धरून म्हणाली, "अजून आहे?" मी लोटा घेऊन आत पळाले आणि तिथे फ्रिजच्या दाराला डोकं लावून मनसोक्त रडले. नंतर भरून नेला. तोही प्यायली. बाहेरच्या कट्ट्यावर अण्णा लवकर येऊन बसले होते. बायकांत आत यायला लाजत होते बिचारे. मी त्यांना खिडकीतून खूण केली, दोन बोटं. दोन लोटे. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने बराच वेळ पुसत बसले.

त्यानंतर रोज दुपारी एक लोटा ठरलेला. कॉफीच्या पाठोपाठ दूध गेलं, दुधाच्या पाठोपाठ पेज गेली, मऊ भात गेला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी वजन बघितलं आणि नळीचा विषयही काढला नाही. पाकाची कृती मात्र त्यांच्या बायकोसाठी मागून घेतली. आवाज पहिल्यासारखा गोड कधीच झाला नाही तिचा. भाजीवाला पुढे वर्षभर विचारायचा, अम्मांना सर्दी झालीय का. पण हुज्जत पहिल्यासारखी घालायला लागली.

आईला गरम चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी जागी झाले ती पितळेच्या आवाजाने. स्वयंपाकघरात आई उभी होती, केस तसेच मोकळे, फिल्टर पुढ्यात. पहिलं उतरलं होतं. तिने चार लोटे एका ओळीत मांडले आणि चारींत डिकॉक्शन ओतलं, वाकून, लोट्यांच्या कडा एकमेकींशी पडताळून, एकात थेंब जास्त झाला तर तो दुसऱ्यात. अण्णा दारात उभे, अंगात बनियन. अक्का सवयीने पुढे झाली, उकळत्या पाण्याचं भांडं घेऊन, फिल्टरमधल्या त्या पावडरीवर पुन्हा ओतायला. सवयच ती, हात आपोआप गेला तिचा. आईने फिल्टरचं वरचं भांडं तिच्या हाताखालून उचललं, मागच्या अंगणात गेली, आणि अजून वाफ निघत असलेली ती पावडर कढीपत्त्याच्या बुंध्याशी उपडी केली. भांड्याच्या बुडावर दोनदा थापटी मारली. आत आली, भांडं विसळून पालथं घातलं.

"अगं, अजून निघालं असतं की त्यातून," अक्का म्हणाली.

"निघालं असतं," आई त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि तिच्या हातात लोटा दिला. "घ्या अक्का. गरम आहे तोवर घ्या."